जीव गेला की कंट्रोलर द्यायचा

फोन आला तेव्हा मी एक दार उघडत होतो. खरंखुरं नव्हे. पुण्यात गेम बनवणाऱ्या एका कंपनीत मी टेस्टर आहे, म्हणजे खेळ बाजारात जायच्या आधी तो कुठे कुठे फसतो ते शोधायचं, हे माझं काम. त्या बुधवारी माझ्याकडे एका किल्ल्याचं दार होतं. पळत येऊन उघडायचं, उलटं चालत येऊन उघडायचं, हातात मशाल घेऊन उघडायचं... फोनवर भरतच्या मेव्हण्याचा आवाज होता. "भरतभाऊ गेले. दुकानातच छातीत कळ आली. दवाखान्यात नेईस्तोवर..." मी "बरं" म्हणालो. "येतो" म्हणालो. फोन ठेवला आणि मशाल घेऊन दार उघडलं. मशालीची ज्योत लाकडातून आरपार जात होती. ती चूक मी नीट लिहून वर पाठवली आणि मग लोणावळ्याची लोकल धरायला निघालो. कुणाला सांगितलं तर म्हणेल, माणूस आहे का धोंडा. पण झालं ते तसं झालं. इतके आठवडे उलटले तरी मला रडू आलेलं नाही, आणि आता येईल असंही वाटत नाही.

भरत माझा शाळेपासूनचा मित्र. तो कुसगावचा, मी कार्ल्याचा, आता तळेगावला राहतो. लोणावळ्याच्या बाजारात, चिक्कीच्या दुकानांमागच्या गल्लीत त्याचं मोबाइलचं दुकान होतं. कव्हरं, काचा, चार्जर हे सगळं नावाला. खरा धंदा गेमची मशिनं भाड्यानं द्यायचा. शनिवार-रविवार बंगले घेऊन राहणारे पाहुणे पाऊस बघायला येतात आणि दुपारपर्यंत पावसाला कंटाळतात, मग त्यांना भरत आठवायचा. सोमवारी मशिनं परत यायची, कंट्रोलरच्या बटणांत चिक्कीचा गूळ अडकलेला असायचा, तो काडीनं पुसत बसायचं. आणि सगळं आवरलं की संध्याकाळी कुसगावच्या त्याच्या घरी आम्ही दोघं खेळायला बसायचो. शेवटच्या सोमवारीही बसलो. माझ्या लोकलची वेळ झाली तेव्हा डाव त्याचा चालू होता.

"थांब की जरा. मरू दे मला, मग जा," तो म्हणाला.

"तू काय आज मरत नाहीस. पुढच्या सोमवारी मर."

असलं बोलणं आम्ही जन्मभर बोलत आलो होतो, त्यात काही नव्हतं. तो हसला, खेळ आहे तिथे थांबवला आणि मशीन बंद न करता नुसतं झोपवलं. टीव्हीखाली नारिंगी दिवा लागला. तो दिवा भरत गेल्यावरही चालूच राहिला, आणि तो विझवायचा की नाही यावर कुसगावच्या त्या घरात पुढे जे झालं ते मला सांगायचंय.

पण त्याआधी आमचा नियम सांगायला हवा. आम्ही शाळेत होतो तेव्हा बाजारात एक व्हिडिओ गेमचं पार्लर होतं, पडदे लावलेलं, आत कायम उकाडा. दोघांत मिळून एक नाणं जमायचं. एका नाण्यात तीन जीव. पहिला भरतचा, दुसरा माझा, आणि तिसऱ्यावरून मारामारी. पार्लरवाल्यानं एकदा दोघांच्या कानाखाली दिली आणि म्हणाला, "मेला की सोडायचं, दुसऱ्यानं धरायचं. भांडलात तर बाहेर." तो आमचा नियम झाला तो कायमचा. पुढे मशिनं बदलली, दोघांच्या मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या, घरात चार-चार कंट्रोलर आले, तरी आम्ही एकट्यानं खेळायचा खेळ दोघांत खेळायचो. जीव गेला की कंट्रोलर डावीकडे द्यायचा किंवा उजवीकडे. तो डावीकडे बसायचा, मी उजवीकडे. जिवंत माणसाच्या हातातून काढून घ्यायचा नाही, मग काही होवो. एकदा सलग तीन सोमवार भरत मेलाच नाही. मी तळेगावहून यायचो, चहा प्यायचो, बघत बसायचो आणि परत जायचो. तेव्हा सुद्धा मागितला नाही. वहिनी, म्हणजे भरतची बायको, स्वयंपाकघराच्या दारात लसूण सोलत बसायच्या आणि म्हणायच्या, "भाऊजी, तुमी भाडं खर्चून हितं बघायला येता व्हय?" त्यांना मूलबाळ नाही. त्यावरून आणि या खेळण्यावरून गावात लोक काय काय बोलायचे ते दोघांनाही ठाऊक होतं, पण वहिनींनी भरतला कधी एका शब्दानं टोकलं नाही.

आता भरतच्या मतांबद्दल. ज्यांना भरत माहीत होता त्यांना त्याची मतंच आधी आठवतील. गेमच्या धंद्यात काय चाललंय यावर तो गिऱ्हाइकाला मोबाइलची काच लावता लावता भाषण द्यायचा. त्याचं कायमचं गाऱ्हाणं सोफ्याचं. "आरं, बंगल्यात धा-धा मान्सं येत्यात. मी दोन कंट्रोलर देतो. आन् ह्यो नवा गेम म्हनतो, ज्यानं त्यानं आपापल्या घरी बसा, नेटवर भेटा! मग सोफा कशाला बनिवला?" पूर्वी पडदा मधोमध कापून दोघं शेजारी खेळायचे, ते कंपन्यांनी हळूहळू काढून टाकलं, म्हणजे दोघांना दोन मशिनं घ्यावी लागतात. मी त्याला सांगायचो, बाबा रे, एका पडद्यावर दोन चित्रं काढायची तर मशीनला डबल काम पडतं. तो म्हणायचा, "मग पडू दे की. मला न्हाई का पडत?" या वादात तो कधी हरला नाही, कारण तो ऐकायचाच नाही.

अपडेटवर तर त्याचा दात होता. पाहुणे बंगल्यावर पोचले, मशीन लावलं, की मशीनच म्हणणार, थांबा, आधी नेटवरून एवढं उतरवून घेतो. पावसाळ्यात लोणावळ्याचं नेट म्हणजे आनंदच. पाहुणे मशीनला नाही, भरतला शिव्या घालायचे. म्हणून तो दर बुधवारी सगळी मशिनं दुकानात ओळीनं लावून अपडेट करून ठेवायचा. गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जाते, शुक्रवारी पाहुणे येतात, राहिला बुधवार. तो गेला तो बुधवारच. अंत्यविधी उरकल्यावर मी आणि त्याचा मेव्हणा शटर लावायला दुकानात गेलो, तर मशिनं ओळीनं चालूच होती. कुणाला बंद करायचं सुचलं नव्हतं. आम्ही उभे होतो तेव्हाच त्यातल्या एकाचं अपडेट पुरं झालं आणि पडद्यावर 'आता खेळायला तयार' असं काहीसं आलं. मी ती एकेक करून बंद केली, वायरी गुंडाळल्या. वायरी तो कशा गुंडाळायचा ते मला माहीत होतं, तशाच गुंडाळल्या.

डिस्क सोडून नुसतं नेटवरून गेम विकायची पद्धत आली तेव्हा मी त्याला तिचे फायदे सांगत बसलो होतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं, हे विशेष. मग म्हणाला, "डिस्क हातात हाय तवर गेम तुझा. न्हाईतर कंपनीच्या मनात आलं की ग्येला. आमचं वावर इकलं ना, तवा कळलं मला ह्ये." तुंगार्लीकडच्या एका बंगल्यावर तो मशीन पोचवायला जायचा. भरतच्या वडलांनी विकलेल्या जमिनीवरच तो बंगला उभा आहे. गेटवर वहीत नाव लिहिल्याशिवाय आत सोडत नाहीत. "हॉल हाय ना त्येंचा, तितं आमचं भाताचं खाचर व्हतं," असं तो सहज सांगायचा, टीव्ही कुठे ठेवला होता ते सांगावं तसं. त्याला त्याचं दुःख होतं का? मला नाही वाटत. पण डिस्क मात्र त्यानं एकही विकली नाही.

सगळ्याच नव्या गोष्टींना तो नावं ठेवायचा असं नाही. जुने गेम नव्यानं सजवून परत विकतात, त्यावर मी चिडायचो. म्हणायचो, या लोकांना नवं काही सुचत नाही. तो उलट खूश. "देवळाचा जीर्णोद्धार केला तर कळस नवा बसतो, द्येव तोच ऱ्हातो की न्हाई?" आणि दरवर्षी आकडा बदलून तोच फुटबॉलचा खेळ काढतात त्याला मात्र शिव्या. का? तर लहानपणी आपल्याला हजारो खेळांचं म्हणून जे कार्ट्रिज, म्हणजे मशीनमध्ये खोचायची डबी, मिळायचं त्यात चारच खेळ असायचे आणि नावं वेगवेगळी, ती फसवणूक हा विसरला नव्हता. "त्यो कार्ट्रिजवाला आता लय मोठा सायेब झाला आसल बघ," म्हणायचा. आमच्या ऑफिसात चित्रं काढणारी माणसं कमी होऊन ते काम मशीन करायला लागलं, तेव्हा मी दोन सोमवार तोंड पाडून बसलो होतो. तेव्हा म्हणाला, "तुझं दार हाय ना? त्ये उघडतंय का न्हाई, ह्ये मान्सालाच बघाय लागतंय. घाबरू नगंस." ते खरं आहे की नाही कुणास ठाऊक, पण मी त्या रात्री जेवलो.

हल्लीच्या खेळांत मरण उरलं नाही, हे त्याचं शेवटचं मोठं मत. पडलं की तिथंच उठवतात, क्षणाक्षणाला आपोआप जपून ठेवतात, कुणी रागावून खेळ सोडून जाऊ नये म्हणून. "मेलेलं कळतच न्हाई गड्या. मग दुसऱ्याचा डाव येनार कसा?" आमच्या नियमाला ते चालणारं नव्हतंच. म्हणून शोधून शोधून त्यानं एक खेळ आणला होता. एक म्हातारा हातात कंदील घेऊन डोंगर उतरतो, एवढीच गोष्ट. आम्ही त्याला तात्या म्हणायचो. लांब लांब शेकोट्या आहेत. शेकोटीपाशी पोचलं की तिथवरची वाट जपली जाते. मध्येच पडलं, किंवा लाइट गेली, की मागच्या शेकोटीपासून पुन्हा चालायचं. शेवटच्या सोमवारी भरत तात्याला घेऊन शेकोटीपासून खूप पुढे आला होता, कड्याखालच्या एका वाटेनं, जी माझ्या डावात मला कधी दिसलीच नव्हती. पुढची शेकोटी काही आली नव्हती. तिथं, अंगठ्याएवढ्या कपारीवर, त्यानं तात्याला उभं करून मशीन झोपवलं.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. टीव्हीवर पांढरं कापड टाकलं होतं, त्यावर हार घातलेला फोटो, आणि कापडाखालून तो नारिंगी दिवा दिसत होता. उकडत होतं म्हणून भरतच्या चुलतभावानं टेबलफॅन आणला आणि मशीनच्या प्लगला हात घातला. मी पंगतीत वाढत होतो. हातातलं भांडं टाकून धावलो असतो, पण माझ्या आधी वहिनी पोचल्या. तोवर त्या कुणाशी धड बोललेल्या नव्हत्या. "त्याला हात लावायचा न्हाई," त्या म्हणाल्या. "ह्यांनी सांगितलंय." चुलतभाऊ ओशाळला. कुणीतरी बाई पुटपुटली, बघा बाई, खेळणं जपतीय. लाइट जायची तेव्हा ते एकटं मशीन इन्व्हर्टरवर चालावं म्हणून वहिनी घरातले पंखे बंद करून अंधारात बसायच्या, हे मला त्यांच्या भावानं नंतर सांगितलं. मी वहिनींना समजावून सांगू शकलो असतो की खेळ कुठे जात नाही, फार तर एका संध्याकाळची वाट जाईल. सांगितलं नाही. त्या एका संध्याकाळीला 'फार तर' म्हणणं मला त्यांच्यासमोर जमेना.

महिना उलटून गेल्यावर एका सोमवारी मी कुसगावला गेलो. वहिनींनीच बोलावलं होतं. चहा दिला आणि आधी भरतचा मोबाइल पुढे केला. "हा बघा, रोज ह्यांना बोलावतोय." पडद्यावर ओळच्या ओळ होती. तुम्ही आज आला नाहीत. तुमचं बक्षीस वाट बघतंय. तुमच्या सलग हजेरीत खंड पडला... माझ्याच कंपनीचा मोबाइल गेम. रोज हजेरी लावली की नाणं मिळतं, तो. "खेळाय बोलावत्यात का कामावर?" म्हणून भरतनं मला ज्या खेळावरून वर्षभर छळलं, तो. आणि हा गडी रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी त्यावर हजेरी लावत होता! वहिनी म्हणाल्या, "तुमचं नाव येतंय ना त्यात शेवटाला, म्हणून. म्हणायचे, खेळणारं आपलं एक मानूस तरी वाढतंय." मी त्या सूचना बंद केल्या. दोन बटणांचं काम. रडू तेव्हाही आलं नाहीच.

मग त्यांनी खरी गोष्ट काढली. येत्या गुरुवारी दिवसभर लाइट जाणार होती, तशी दवंडीच होती सगळीकडे, आणि इन्व्हर्टरची बॅटरी उतरली होती. दुपारपर्यंतही टिकली नसती. "काय करायचं भाऊजी?"

मी सांगितलं, दोनच वाटा आहेत. लाइट गेली की तात्या मागच्या शेकोटीपाशी जाईल आणि भरतनं चाललेलं पुसलं जाईल. नाहीतर आज खेळून पुढची शेकोटी गाठायची, मग ते कायमचं राहील.

"मग खेळा की."

"डाव त्याचा आहे, वहिनी. तात्या मेला नाहीये अजून. मला घेता येत नाही."

हे मी गंभीरपणे बोललो. पन्नाशीकडे झुकलेला माणूस. मला वाटलं, वहिनी हसतील. त्या उठल्या, टीव्हीवरचं कापड काढून त्याची घडी केली, आमचा कंट्रोलर ज्या टॉवेलात गुंडाळून ठेवलेला असायचा तो टॉवेल सोडला. कंट्रोलर चार्ज केलेला होता. तो माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "ह्यांचा डाव संपला, भाऊजी. तुमी घ्या आता."

इतक्या दिवसांत हे मला इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं. सगळे आपले 'देवाघरी गेले', 'सुटले', 'भाग्यवान' असलंच काहीतरी बोलत होते. मी बटण दाबलं. टीव्ही उजळला आणि कड्याखालच्या कपारीवर तात्या दिसला, भरतनं ठेवला होता तस्साच. वाऱ्यानं कंदील हलत होता. तात्या श्वास घेत होता. आम्ही दोघं बराच वेळ त्याला नुसते बघत बसलो. मग मी अंगठा पुढे केला. चार पावलं नीट गेली, पाचव्याला मी उजवीकडे वळलो... आणि तात्या कड्यावरून खाली गेला. पडदा काळा झाला. उजाडला तेव्हा तात्या मागच्या शेकोटीपाशी बसलेला होता. भरतची ती सगळी संध्याकाळ माझ्या हातून गेली, मिनिटभरात. माझा हात आपसूक डावीकडे गेला, कंट्रोलर पुढे धरून, जसा दर वेळी जायचा. तिथं कुणी नव्हतं. रिकामी जागा, सतरंजीवर भरतच्या बसण्यानं पडलेला खोलगा. हात मागे घ्यायचं मला सुचेना.

वहिनी येऊन त्या जागेवर बसल्या. पदराला हात पुसले आणि कंट्रोलर माझ्या हातातून घेतला. उलटा धरला होता, मी सरळ करून दिला.

"वहिनी, त्याची वाट गेली हो," मी म्हणालो, आणि तेव्हा कुठे माझा आवाज फुटला.

"जाती कुटं?" त्या म्हणाल्या. "इतके सोमवार दारात बसून बघितलंय मी. तुमी उजवीकडं वळला, ते वळायचे न्हाईत, ते दगडाखालनं जायचे. बटनं तेवढी तुमी सांगा. वाट मला ठावं हाय."

तात्या दोनदा भिंतीला धडकला, एकदा स्वतःभोवतीच फिरला, आणि मग कंदील हलवत दगडाखालच्या वाटेला लागला.